पोटाचा चौकोन

१

गोधडी करायला बसल्या की बाकीच्या बायका रंग बघतात. गोजरा कापडाचा जीव बघायची. जुनं लुगडं दोन्ही हातांनी ताणायचं आणि कानाजवळ न्यायचं. फाटायच्या आधी कापड बारीक कुरकुरतं. कुरकुरलं तर ते फरशी पुसायला, नाही कुरकुरलं तर चौकोनाला. एवढा साधा हिशेब.

जुईनगरच्या त्या दोन खोल्या सकाळी दहाला रिकाम्या असायच्या. तिचा नवरा हौसेराव पहाटेच मार्केटात पोती उचलायला जायचा, तो तीनला परत. भाकऱ्या थापून, भांडी घासून गोजरा आतल्या खोलीत खिडकीखाली सतरंजी टाकायची. मिठाईच्या खोक्याचा सहा इंची पुठ्ठा कापून ठेवला होता. त्याच्या मापानं एकोणपन्नास चौकोन निघाले, म्हणजे सात ओळी आणि ओळीत सात. सगळे रंगूबाईच्या लुगड्यांचे. रंगूबाई तिची सासू. तिला जाऊन चौदा महिने झाले होते, आणि ती गेली ते याच खोलीत, याच खिडकीखाली.

गोधडी नातीसाठी होती. रूपेश, गोजराचा एकुलता एक, खारघरला वेगळा राहायचा. त्याला मुलगी झाली होती आणि येत्या रविवारी बारसं होतं. त्यानं फोनवर सांगितलं, आजीच्या लुगड्यांची गोधडी कर, मशीनवर नको, हातानं कर. बाकी काही मागितलं नाही. त्याच्या बायकोनं, नमितानं, तर तेवढंही नाही. पोरगी आठवड्याची झाली तरी गोजराच्या मांडीवर एकदा आली नव्हती. हॉस्पिटलात इन्फेक्शन होईल म्हणून नाही, घरी आत्ताच झोपलीय म्हणून नाही. गोजरा काही खुळी नव्हती. लग्नानंतर पाच महिने नमिता याच घरात राहिली होती, आणि तेव्हा रंगूबाई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली होती. नमितानं जे बघायचं ते उंबऱ्यात उभं राहून बघितलं होतं.

म्हणून ही गोधडी. पोरगी एकदा आजीच्या हातच्या गोधडीत निजली, की आजीला दारातून परत कोण लावतंय ते गोजरा बघणार होती.

मोरीतला नळ गळत होता. च्यप. थोडं थांबून, च्यप. तिनं उठून नळाला चिंधी बांधली आणि सुई ओवली.

२

रंगूबाईची जोडायची रीत निराळी होती. ती मधला चौकोन सगळ्यात आधी घ्यायची आणि त्याला पोट म्हणायची. पोट दुहेरी करायचं, पिशवीसारखं. त्यात भाकरीचा एक घास घालायचा, तोंड शिवायचं, आणि मग चारी बाजूंनी एकेक चौकोन लावत फेऱ्याफेऱ्यानं वाढवत न्यायचं. आधी पोट, मग अंग, असं म्हणायची. उपाशी गोधडी माणसाच्या अंगावर घालू नये, असंही म्हणायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

गोजराला ही रीत कधीच पटली नव्हती. फेऱ्यानं जोडलं की दर फेऱ्याला चार कोपरे जुळवायचे, एक चुकला की पुढचे सगळे चुकतात, आणि शेवटी गोधडी पतंगासारखी तिरकी होते. ओळीची रीत सरळ. सात चौकोन एका ओळीत जोडायचे. पहिल्या ओळीच्या आतल्या शिवणी डावीकडे दुमडायच्या, दुसरीच्या उजवीकडे, तिसरीच्या पुन्हा डावीकडे. मग ओळीवर ओळ ठेवली की शिवणीत शिवण अडकते आणि कोपऱ्यावर कोपरा आपोआप बसतो. टाचणीसुद्धा लागत नाही.

राहता राहिला घास. तान्ह्या पोरीच्या अंगाखाली भाकरीचा तुकडा ठेवायचा म्हणजे मुंग्यांना आवतण. गोजरानं चौथ्या ओळीतला मधला चौकोन दुहेरी घेतला, तोही कापड फार विरलं होतं म्हणून, आणि रिकामाच शिवून टाकला.

मंगळवारी दुपारपर्यंत सातही ओळी तयार झाल्या. अजून एकही ओळ दुसरीला जोडलेली नव्हती. तिनं त्या मोजल्या, एकावर एक रचल्या, ट्रंकेवर ठेवल्या आणि वर कात्री ठेवली.

३

बुधवारी कात्री जागेवरच होती. गोजरानं वरची ओळ उचलली, दुसरी उचलली, आणि तिसरी उचलायला गेली तर तिच्याबरोबर चौथी आणि पाचवी पण वर आली.

तिन्ही ओळी मधल्या तीन-तीन चौकोनांपुरत्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. मध्ये पोट, भोवती आठ चौकोन. पहिला फेरा. दोन्ही अंगांना उरलेले चौकोन मोकळे लोंबत होते, हातापायांसारखे.

आपणच जोडले आणि विसरलो, असं तिनं आधी ठरवलं. चोपन्न वय झालं, गॅस बंद केला का नाही ते बघायला ती जिन्यातून परत यायची, मग हेही तसंच. पण मग तिनं गोधडी खिडकीशी धरली. माणसाचा टाका म्हणजे माणसाची चाल. गोजराचा टाका उजवीकडे कलतो. हे टाके डावीकडे कलले होते. बारीक, दाट आणि सगळे डावीकडे.

या घरात डावखुरं एकच माणूस होऊन गेलं होतं.

शेजारच्या चांगुणाबाईकडं घराची दुसरी किल्ली असायची. ती इथलीच, खाडीकाठच्या गावातली. गोजरा तडक तिच्या दारात जाऊन उभी राहिली आणि माझ्या ओळींना हात कुणी लावला, असं तोंडावर विचारलं.

"काय गो बाय," चांगुणाबाई मासळी साफ करता करता म्हणाली, "माज्या घरान कामं कमी हाईत का, म्हनून तुज्या चिंध्या जोडाला येऊ?"

"किल्ली तुमच्याकडं असती."

"मंग किल्लीला विचार." ती हसली. "नाय तं तुजी सासू येत असंल. सुनेचं काम उरकत नाय म्हनून."

गोजरा हसली नाही. किल्ली मात्र मागून घेतली, आणि त्यापायी चांगुणाबाई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

घरी येऊन तिनं तो फेरा टाका टाका करून उसवला. पोटाच्या चौकोनाशी आली तेव्हा बघितलं, त्याची एक बाजू आधीच उघडी होती. दोन बोटं जातील एवढी. तिथला दोरा तुटलेला नव्हता, काढलेलाही नव्हता. तिथं कधी शिवलंच नव्हतं, असं दिसत होतं.

तिनं ते तोंड शिवलं. गाठीवर गाठ मारली. मग ओळीला ओळ लावत दुपारपर्यंत चार ओळी स्वतःच्या हातानं, उजव्या टाक्यानं जोडल्या.

४

गुरुवारी त्या चार ओळी सुट्या होत्या आणि पंचवीस चौकोन फेऱ्यानं जोडलेले होते. पोट, पहिला फेरा, दुसरा फेरा. कोपऱ्यावर कोपरा असा बसला होता की गोजराला ओळीच्या रीतीनंही कधी जमला नसता.

या वेळी तिनं उसवलं नाही. ती समोर भिंतीला टेकून बसली आणि बघत राहिली. दिवस उजाडलेला, खाली भाजीवाला ओरडतोय, समोरच्या बिल्डिंगीत कुणाचा कुकर शिट्ट्या देतोय. अशा उजेडात कापड आपलं आपण काही करत नसतं. एक तास बसली. कापडानं काही केलं नाही.

ती चहा ठेवायला उठली, आणि स्वयंपाकघरात गेल्यावर आवाज आला.

च्यप. थांबून, च्यप.

तिनं मोरीत जाऊन नळाला हात लावला. चिंधी कोरडी होती. तिनं वरचा कॉकच बंद केला. बाहेर येऊन चहाच्या भांड्याजवळ उभी राहिली. च्यप. आवाज मोरीतून नव्हता येत. आतल्या खोलीतून येत होता, खिडकीखालून, आणि तो पाण्याचा नव्हता. पाणी एका मापानं पडतं. याला माप नव्हतं. मध्येच भराभर, मध्येच सावकाश, आणि शेवटी ओलसर, दमलेला.

ती खोलीच्या दाराशी गेली की आवाज बंद. परत ओट्याशी आली की सुरू. चहा उतू गेला, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. हा आवाज तिनं महिनेच्या महिने ऐकला होता. भिंतीपलीकडून, असाच चहा करताना.

५

रंगूबाईला दात नव्हते. एकही नाही. पडून कंबर मोडली त्या दिवसापासून शेवटपर्यंत, आठ महिने, ती खिडकीखाली निजून होती. तिचं सगळं गोजरावर होतं, कारण हौसेरावाची ती आई असली तरी तो बाप्या होता, आणि रूपेशची ती आजी असली तरी त्याला ऑफिस होतं. उचलायचं गोजरानं, पुसायचं गोजरानं, धुवायचं गोजरानं. पहिला महिना तिनं दोन वेळा भाकरी दुधात कुस्करून भरवली. दुसऱ्या महिन्यात गोजराची पाठ धरली. तिसऱ्या महिन्यात तिच्या ध्यानात आलं, की आत जातं तेवढंच बाहेर येतं. तेवढंच काढावं लागतं.

मग अर्धी. मग चतकोर. मग संध्याकाळचं कशाला, रात्री परत उचलायला लागतं, म्हणून सकाळचीच चतकोर.

म्हातारीनं कधी तक्रार केली नाही. गोजरा शेवटचा घास देऊन हात पुसायची आणि विचारायची, पुरे ना आत्याबाई? म्हातारी म्हणायची, पुरे. रोज पुरे. त्यानंतर मात्र दिवसभर तिचा जबडा हलत राहायचा. तोंडात काही नसताना. हिरडीवर हिरडी, च्यप, च्यप, छताकडं बघत. वयानं होतं असं, गोजरा भेटायला येणाऱ्यांना सांगायची. आणि नमिता उंबऱ्यात उभी राहून त्या ताटलीकडं बघायची आणि मग गोजराकडं बघायची.

नमिता आणि रूपेश खारघरला गेले ते सकाळचीच चतकोर सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत.

६

शुक्रवारी गोधडी सगळी जोडून झालेली होती. एकोणपन्नास चौकोन, तीन फेरे, सगळे टाके डावीकडे. फक्त पोटाचं तोंड उघडं होतं. दोन बोटांची फट.

गोजरानं तव्यावरच्या भाकरीचा घास मोडला, तो आत सारला आणि तोंड शिवून टाकलं. रीत होती ना, घे तुझी रीत. नंतर खाली जाऊन कोथिंबीर घेऊन आली, तर पोट सपाट आणि तोंड उघडं. उंदीर म्हणावा, तर कुरतडल्याची खूण नव्हती. मुंग्या म्हणाव्यात, तर खोलीत एक मुंगी नव्हती. तिनं चौकोन उलटा करून झटकला. कणही पडला नाही.

मग तिनं चतकोर घातली. ती गेली. अर्धी घातली, तीही गेली. कापड मात्र आतून दमट लागत होतं.

शनिवारी तिनं खाली अस्तर लावलं, कारण काम हातात घेतलं की पुरं करायचं एवढं एकच तिला येत होतं. ही गोधडी द्यायची नाही, असं मात्र तिनं मनाशी पक्कं केलं होतं. कपाटात ठेवायची आणि बाजारातून एक विकत आणायची. रूपेश पाच वाजता न्यायला आला तेव्हा ती गोधडी आत सरकवायलाच निघाली होती. त्यानं ती तिच्या हातातून घेतली आणि तोंडाशी धरली.

"आजीचा वास येतोय," तो म्हणाला. मग त्यानं टाक्यांवरून अंगठा फिरवला. "आणि टाका पण आजीचाच. तू कधी शिकलीस हा?"

म्हणजे त्यालाही दिसत होतं. आताच बोलायला पाहिजे होतं. पण काय बोलणार होती? आजीचा टाका आजीनंच घातलाय, आणि तिला भूक आहे, हे? आणि भूक कशी लागली ते कुणी सांगायचं?

"फार छान झालीय, आई. उद्या लवकर ये. नमितानंच सांगितलंय, बाळाला आधी तुझ्या मांडीवर द्यायचं म्हणून."

दीड वर्षात तो तिच्याशी इतकं बोलला नव्हता. गोजरानं फक्त तोंड शिवून देते म्हणून गोधडी मागून घेतली, सहा टाके घातले, गाठ मारली आणि पिशवीत भरून दिली.

७

खारघरच्या फ्लॅटमध्ये फुगे लावले होते. पाळणा सजवला होता, आणि पाळण्यात ती गोधडी होती, आणि गोधडीवर पोरगी. मनस्वी नाव ठेवायचं ठरलं होतं. नमितानं पुढं येऊन गोजराला वाकून नमस्कार केला, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच धार नव्हती.

"आई, तुमच्या गोधडीनं जादू केली. काल रात्रीपासून रडलीच नाही. दुधालासुद्धा उठली नाही."

जमलेल्या बायका म्हणाल्या, आजीची ऊब ती आजीचीच.

"झोपेत नुसतं तोंड हलवते," नमिता म्हणाली. "बघा ना."

गोजरानं वाकून बघितलं. तान्हं पोर झोपेत तोंड हलवतं, ओठ पुढं काढून चोखतं, हे तिनं एक पोर वाढवून बघितलेलं होतं. ही चोखत नव्हती. हिचा जबडा आडवा हलत होता, एका गालाकडून दुसऱ्या गालाकडं, सावकाश, हिरडीवर हिरडी. डोळे उघडे होते. छताकडं बघत होती.

बायका ओट्याकडं घुगऱ्या बघायला वळल्या. गोजरानं पोरीच्या पाठीखाली हात घातला. पोरगी उचलायला जोर लागला, जितका लागू नये तितका, जसं खालून कुणी धरलंय. मग ती एकदम सुटून आली, पिसासारखी हलकी, आणि मोठ्यानं रडायला लागली.

खाली पोटाचा चौकोन ओला होता. बाळानं ओलं केलं असेल. तो हलत होता. पंख्यानं हलत असेल. गोजरानं वर बघितलं. पंखा बंद होता. चौकोन वरखाली होत नव्हता, आडवा हलत होता, आणि कालचे सहा टाके नव्हते. दोन बोटांची फट त्याच्याबरोबर मिटत होती आणि उघडत होती.

तान्ह्याला भूक आहे का बघायला बायका ओठाला बोट लावतात. गोजरानं एका हातात रडती नात धरून दुसऱ्या हाताचं बोट तसं त्या फटीला लावलं. का लावलं, ते तिला अजून सांगता येत नाही.

बोट आत घेतलं गेलं.

दुखलं नाही. दात नव्हते.

८

तिनं पोरगी नमिताच्या हातात दिली आणि गोधडीची घडी केली. शिवण कच्ची राहिलीय, ही मी नेते, म्हणाली. बारशाच्या पाळण्यातून कुणी काही काढून नेत नसतं. रूपेश आडवा आला, त्यानं समजावलं, मग आवाज चढवला, मग आवाज उतरवला, आणि तो उतरलेला आवाज जास्त वाईट होता.

"आजीची एक वस्तू मागितली होती तुझ्याकडं. तेवढं पण देववलं नाही तुला."

नमिता पोरीला पदराखाली घेऊन बसली होती आणि पोरगी दोन दिवसांची उपाशी असल्यासारखी पीत होती. तिनं फक्त गोजराकडं बघितलं, उंबऱ्यातून बघायची तसंच. नात मांडीवर घ्यायची राहिली ती राहिलीच.

त्याला आता तीन महिने झाले. रूपेश फोन घेत नाही. चांगुणाबाईचा राग गेला, ती आपल्या मोबाईलवर नमितानं टाकलेले मनस्वीचे फोटो दाखवते. पोरगी गुटगुटीत झालीय, मनगटाला वळ्या पडल्यात. गोजरा फोटो बघते आणि फोन परत करते.

गोधडी जाळावी असं एकदा मनात आलं. तिनं काडी ओढलीही. पण अंथरुणावरच्या माणसाला काडी लावायला वेगळं काळीज लागतं, तेवढं वाईट तिचं नव्हतं. उपाशी ठेवण्यापुरतंच होतं.

आता सकाळी दहाला घर रिकामं झालं की ती आतल्या खोलीत खिडकीखाली गोधडी पसरते. एक अख्खी भाकरी दुधात कुस्करते आणि शेजारी बसून घासाघासानं भरवते. पीठ कुठं जातं, असं हौसेराव विचारतो. आई काय जेवली, असं त्यानं त्या आठ महिन्यांत एकदा विचारलं नव्हतं, म्हणून गोजरा त्याला उत्तर देत नाही. तिच्या स्वतःच्या ताटात हल्ली चतकोरच असते. तेवढीच उरते.

भाकरी संपली की ती हात पुसते आणि विचारते. त्याच शब्दांत विचारते.

"पुरे ना, आत्याबाई?"

आणि थांबते. खाली भाजीवाला ओरडत जातो. कुणाचा तरी कुकर तीन शिट्ट्या देतो. चौकोन हलत राहतो.

मग गोजरा उठते आणि परत तवा ठेवते.